बन्सीधरला तीस दिवस पाहिजे होते

बन्सीधरला लोक अडेल म्हणायचे, चिक्कू म्हणायचे, गणिताचं भूत म्हणायचे. म्हणू द्या. लोकांचं काय जातंय? मी त्याच्यासंगं येलदरीच्या धरणावर सव्वीस वर्षं पाण्याची पट्टी वाचली. त्याच्याबद्दल बोलायचा हक कुणाला असंल तर मला हाय. अन् त्याचं वाटोळं कुणाच्या हातानं झालं म्हणून विचाराल, तर त्याच्या अन् माझ्या, दोघांच्या.

आमी चौघं होतो. मी सूर्यभान, बन्सीधर, सटवाजी अन् गोविंदराव. काम एकच. धरणाच्या भिंतीवर रंगानं आकडे काढलेले असतेत, त्याला पट्टी म्हणायचं. पावसाळ्यात दर घंट्याला पाणी कोणत्या आकड्यावर हाय ते बघायचं, वहीत लिहायचं अन् फोनवर साहेबाला सांगायचं. दिवसाच्या तीन पाळ्या, माणसं चार. ज्याची सुट्टी तो घरी.

आमी तिघं वरूनच डोळे बारीक करून आकडा बघायचो. बन्सीधर चौऱ्याऐंशी पायऱ्या उतरून पाण्याजवळ जायचा, बोट लावून बघायचा अन् मग लिहायचा. गुडघे दुखायचे तरी जायचा. मी एकदा म्हणलं, "आरं, बोटभर पाण्यानं काय सरकार पडतंय का?" तर म्हणे, "अंदाजच लिहायचा असंल तर पगार बी अंदाजानंच घे की मग." असलं तोंड होतं त्याचं.

तो मूळचा चुडाव्याच्या बाजूचा. धरण बांधायला सुरुवात झाली तवा पाटी उचलायला आला, सातवी शिकलेला. आकडे बराबर लिहितोय म्हणून साहेबानं त्याला पट्टीवर घेतलं. लेकरूबाळ झालं न्हाई. घरात तो अन् त्याची बायको धुरपताबाई. ती लय बोलकी, ह्याच्या तोंडातून शब्द काढायला चिमटा लागायचा. दोघांचं जमायचं कसं, देव जाणे, पण जमायचं. जेवणाचा डबा घेऊन ती पट्टीवर यायची अन् आमच्यासमोर त्याला म्हणायची, "ह्यांला विचारा तरी आज मीठ जास्ती झालंय का. घरी सांगत न्हाईत, तुमाला सांगतील." तो खाली मान घालून हसायचा.

आता पाळीचं सांगतो, कारण सगळं तिथूनच बिघडलं.

सुरुवातीला आमी एकमेकांच्या पाळ्या मागून घ्यायचो. आज माझी तू कर, परवा तुझी मी करीन. त्याचं काय होतंय, तुमाला मालूमच हाय. एका दिवाळीला गोविंदराव म्हणला, मी तुझ्या दोन केल्या. सटवाजी म्हणला, एकच केली. बोलता बोलता सटवाजीनं कंदील फेकून मारला, गोविंदरावाचं कपाळ फुटलं. पुढं वर्षभर दोघं एकमेकाकडं बघत न्हवते. पाळी बदलायची वेळ आली की एक जण भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा.

तवा बन्सीधरनं तोड काढली. पाडव्याला चौघांनी पंधरा-पंधरा चिंचोके घ्यायचे. ज्याला जादा सुट्टी पाहिजे त्यानं दिवसाला एक चिंचोका टाकायचा, बाकीच्यांनी कुरकुर न करता त्याची पाळी ओढायची. चिंचोके संपले की संपले, पुढच्या पाडव्यापर्यंत नाव काढायचं न्हाई. कुणाला जास्ती पाहिजे असतील तर खेळून जिंकायचे. "पाळी मागायची न्हाई," बन्सीधर म्हणला, "जिंकायची. म्हंजे कुणाचे उपकार न्हाईत अन् कुणाची डोकी फुटणार न्हाईत." साहेबाला काय, वहीत आकडा दिसला की झालं.

खेळ म्हंजे पोकर. धरण बांधताना एक मद्रासी फोरमन होता, त्यानं शिकवलेला. प्रत्येकाला पाच पानं. हातातली नको ती टाकायची, तेवढी नवी घ्यायची. नवी पानं घ्यायच्या आधी एकदा चिंचोके मधे ठिवायचे, घेतल्यावर पुन्हा. समोरच्याएवढे ठिवायची हिंमत न्हाई तर पानं टाकून द्यायची. शेवटी ज्याची पानं भारी त्याचं सगळं. दुपारी बाराचा आकडा सांगून झाला की पट्टीवाल्यांच्या खोलीमागच्या लिंबाखाली बसायचो, ज्याची पाळी नसंल तो बी घरून यायचा.

बन्सीधर त्यात पक्का होता. आमी नशिबावर खेळायचो, तो पेन्सिलीवर. एकदा मला बसवून त्यानं शिकवलं. "समज," म्हणला, "तुझ्याकडं तीन गुलाम हायत. समोरच्याकडं चार बदाम हायत, तो पाचव्याला अडलाय. आत्ता तू जिंकायलास, पण पाचवं बदाम आलं की तू मेला. तुला त्याची पानं दिसत न्हाईत, पण त्याचा हिशोब धरला तर न दिसलेली पानं सत्तेचाळीस अन् त्यात बदाम नऊ. पाचात एकदा त्याचं पान लागणार, चारदा न्हाई. मग तू किती ठिवणार?"

मी म्हणलं, "थोडे ठिवीन. तो बी तेवढे ठिवून येईल, चारदा माझंच."

"हितंच माणूस मरतंय," तो म्हणला. "थोडे ठिवले की त्याला पान स्वस्तात बघायला मिळतंय. अडलेल्या माणसाला पान स्वस्तात बघू द्यायचं न्हाई. मधे जेवढे पडलेत तेवढे ठिव. आला तर तो चुकला. पळाला तर मधले तुझे. दोन्हीकडून तुझंच बरं. त्याच्याहून जास्ती मिळावं म्हणून हाव करू नको."

तो नुसता सांगायचा न्हाई, तसंच खेळायचा. मधे चार असले तर चार, दहा असले तर दहा. अन् मला तर तो उघड्या वहीवाणी वाचायचा. चार पानं जमली की मी बिडी विझवतो म्हणे. मला स्वतःला कधी कळलं न्हाई.

त्याचा अडेलपणा मी बी भोगलेला हाय. माझ्या धाकटीचं बारसं होतं चारठाण्याला, सासरवाडीत. दोन दिवस पाहिजे होते, अन् माझ्याजवळ चिंचोका एकच उरलेला. मी त्याला म्हणलं, "बन्सीधर, एक दिवस कर ना लेका." त्यानं पानं पुढं केली. "जिंक," म्हणला. मी तो एक बी हारलो. बारशाला गेलो न्हाई. माझी बायको सरजाबाई सहा महिने त्याचं नाव घेतलं की भांडी आपटायची. मी बी मनात लय शिव्या घातल्या. पण एक खरं, तो स्वतःसाठी बी कधी कुणाकडं मागायला आला न्हाई.

नामांतराचा ठराव होऊन मराठवाडा पेटला होता, त्याच्या सहा वर्षांनंतरची गोष्ट. धुरपताबाईच्या पोटात गाठ निघाली. औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात दोन खेपा झाल्या, त्यात बन्सीधरची सगळी रजा गेली. दुसऱ्या खेपेला तिला भरती केलं अन् हा औषध आणायला खाली गेला, तर बाई वॉर्डातून पळाली. हा दवाखानाभर हुडकायलाय. सापडली कुठं, तर बसस्टँडवर, दवाखान्याची चादर अंगावर घेऊन. येलदरीची गाडी कधी लागती म्हणून कंडक्टरच्या मागं लागलेली. सांगताना ती हसायची, पण शहराची तिला खरंच धास्ती होती. "ते शेजारी बसणार असतील तर पोट फाडा न्हाई तर काय बी करा," म्हणायची. "एकटी मी राहायची न्हाई."

डॉक्टरनं सांगितलं, आधी रक्त चढवायचं, मग गाठ काढायची, मग टाके सुकूस्तोवर तिथंच. महिना धरा. अन् लवकर या. श्रावणातली तेरा तारीख दिली. पावसाळ्यात बिनपगारी रजा बी मिळत नसती. म्हंजे बन्सीधरला तीस दिवस पाहिजे होते अन् ते मिळायचा रस्ता एकच होता, त्यानंच आखलेला.

तुमी म्हणाल, आरं, तीन माणसं होतात ना तुमी? द्यायच्या ना पाळ्या! आमी गेलो न्हाई का? तिघं मिळून त्याच्या घरी गेलो. गोविंदराव म्हणला, "चिंचोके गेले चुलीत. तू जा, आमी बघतो." बन्सीधर चहा पीत बसला. कप खाली ठिवला अन् म्हणला, "सूर्यभानच्या पोरीच्या बारशाला मी एक दिवस दिला न्हाई. आता तीस कोणत्या तोंडानं घेऊ?" मी म्हणलं, बारशाचं मी कवाच विसरलो. तो म्हणला, "मी न्हाई विसरलो."

मायला, असल्या माणसाला धरून हाणावं वाटतंय का न्हाई?

मग तो रोज खेळायला बसला. कधी नव्हं ते घाईनं. तरी नेम सोडला न्हाई, अन् पंधराचे एकवीस केले. आमी मुद्दाम हारायला बघायचो, पण त्याच्यासमोर मुद्दाम हारणं सोपं न्हाई. डोळे वर करून बघायचा, की आमी पानं नीट धरायचो.

आठ तारखेची दुपार. डावात बसायचे दोन-दोन चिंचोके सगळ्यांनी टाकले. मधे आठ झाले, बन्सीधरजवळ एकोणीस राहिले. सटवाजीनं पानं वाटली. गोविंदरावानं बघितली न बघितली अन् टाकली. मी उचलली. चार बदाम अन् एक फालतू चौकट. मी काही न ठिवता बारी पुढं सारली. अन् काय सांगावं, बिडी विझवली. विझवल्यावर ध्यानात आलं. बन्सीधर माझ्या हाताकडंच बघायला होता.

त्याला कळलं, मी एका पानाला अडलोय. आता त्याच्या नेमानं त्यानं आठ ठिवायचे. मी पानं टाकली असती, त्याचे सत्तावीस झाले असते. चिंचोके बोटानं सारखे करायलाय, पुन्हा मोडायलाय. मग त्यानं तीनच उचलले अन् मधे ठिवले.

तीन! मी सव्वीस वर्षांत त्याला असा खेळताना एकदाच बघितलं, ते त्या दुपारी. अन् मला लगेच उमगलं. सत्तावीस अन् तीन, तीस. मी पळालो तर त्याला तीन कमी पडणार होते. मी तीन ठिवून आलो अन् माझं पान लागलं न्हाई, तर त्याचे बराबर तीस होणार होते. चारदा त्याचं, एकदा माझं. त्यानं हाव केली म्हणू नका. त्याची हाव न्हवती ती, गरज होती. पण पानांला काय कळतंय?

सटवाजीनं पानं टाकली. राहिलो मी. मला वाटलं, देवानंच वाट दाखवली. मागून तो घेणार न्हाई, पण हे तीन तो घेईल. जिंकलेले म्हणून घेईल. मी तीन चिंचोके ठिवले. खरं सांगतो, माझ्या सरजाची शपथ, मी जिंकायला ठिवले न्हाईत, द्यायला ठिवले.

चौकट टाकली अन् एक पान मागितलं. बन्सीधरनं दोन मागितली. म्हंजे त्याच्याजवळ तीन सारखी होती. मी माझं पान हळूच वर केलं.

बदाम. सत्ती बदाम.

बन्सीधरनं पुढं काही ठिवलं न्हाई, जमिनीवर टिचकी मारली, म्हंजे आता दाखवा. त्यानं पानं मांडली. तीन गुलाम. मी तोंड वाकडं केलं अन् माझी पाचही पानं पालथी फेकली. "न्हाई आलं," म्हणलं. "घे."

त्यानं डोळे मिटले. कपाळावरचा घाम पुसला. चौदा चिंचोक्यांवर हात ठिवला. तेवढा एक घटकाभर तो माणूस सुखात होता, मी बघितलं.

अन् त्या सटवाजीला टाकलेली पानं उलटून बघायची खोड. शंभरदा बोललो आमी त्याला. त्यानं पानं पिसायला गोळा केली, उलटली अन् बोंबलला, "आरं, सूर्यभान! पाची बदाम हायत की! बघितलं न्हाईस का काय?"

नंतर तो लय रडला, त्याला मी आता काही म्हणत न्हाई. पण तवा त्याचा गळा धरावा वाटला.

बन्सीधरनं हात उचलला. मी म्हणलं, "टाकलेलं पान मेलेलं. तुझाच कायदा हाय. डाव तुझा."

"तू टाकली न्हाईस," तो म्हणला. "दिलीस." अन् चौदाच्या चौदा माझ्याकडं सारले.

मी ओरडलो, "आरं, ती बाई मरंल ना बन्सीधर! कुणाला दाखवायलास ही अकड?" गोविंदराव त्याच्या पाया पडला, वयानं मोठा माणूस. बन्सीधर उठला, एकचा आकडा बघायला पायऱ्या उतरला. त्याच्याजवळ सोळा चिंचोके राहिले. त्याच्यानंतर तो डावाला बसला न्हाई.

तेरा तारखेला धुरपताबाईला घेऊन तो गेला. यष्टीत बसताना ती सरजाला म्हणाली, "सोळा दिवसांत बी माणसं बरी होतेतच की." तिला सगळं ठाऊक होतं. त्याच्यावर एका शब्दानं चिडली न्हाई, हे मला जास्ती लागलं.

रक्त चढवण्यात दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी गाठ काढली. सोळावा दिवस सरला अन् सतराव्या दिवशी सकाळी आठला बन्सीधर पट्टीवर हजर. मला खरं वाटंना. मी त्याचीच पाळी करायला उभा होतो.

"धुरपताबाईजवळ कोण हाय?"

"शेजारच्या खाटेवरच्या बाईची बहीण बघते म्हणली."

"ती काय म्हणली?"

"विचारलं, किती राहिले. मी म्हणलं, संपले. तर म्हणली, जा मग." एवढं बोलून त्यानं पेन्सिलीसाठी हात पुढं केला.

मी पेन्सिल दिली न्हाई. म्हणलं, तुझी पाळी मी करायलोय, तू माघारी जा. त्यानं खिशातून दुसरी काढली. मग दोन दिवस काय झालं, सांगायची बी लाज वाटती. एका पाळीला आमी दोघं बसलो. दोघं पायऱ्या उतरायचो, दोघं आकडा बघायचो, दोघं लिहायचो. एका पट्टीवर दोन माणसं, अन् तिकडं ती एकटी. मी तरी काय करू? बांधून नेऊ का त्याला? पहिल्याच दिवशी सरजाला औरंगाबादला लावून दिलं. बारशाचा राग सोडून ती निघाली. तर नामांतरावरून बंद, गाड्या जिंतुरातच उभ्या. दोन रात्री स्टँडवर काढून तिसऱ्या दिवशी ती पुढं गेली.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी साहेबाच्या फोनवर निरोप आला. सरजा पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं. टाक्यात पू झाला, ताप चढला. पहाटे उठून चालायला लागली म्हणे, पायऱ्यांवर पडली. कुठं जायलात म्हणून शिपायानं विचारलं, तर म्हणली, येलदरीची गाडी.

त्याच्यानंतर चिंचोके कुणी काढले न्हाईत. ज्याला पाळी पाहिजे त्यानं मागायची, अन् समोरच्यानं हो म्हणायचं. इतकं सोपं होतं. बन्सीधर मात्र कधी मागायचा न्हाई. सुट्टीच्या दिवशी बी येऊन बसायचा. जायचं कुठं होतं त्याला? डबा सरजा पाठवायची. तो खायचा, धुऊन परत करायचा, अन् मीठ कमी का जास्ती, कुणी विचारत न्हवतं.

दहा वर्षं तो असा राहिला. मी त्या दुपारचा विषय काढला न्हाई, त्यानं बी न्हाई. मी तीन कशासाठी ठिवले होते, हे त्याला कळलं होतं का, एवढं मला विचारायचं होतं. हिंमत झाली न्हाई. कधी वाटायचं, मला तो दोषी धरत असंल. कधी वाटायचं, धरावा, निदान कुणीतरी शिव्या घालाव्या मला.

विद्यापीठाचं नामांतर झालं, त्या साली उन्हाळ्यात तो रिटायर झाला. चुडाव्याला पुतण्याकडं जाणार होता. जिंतूरच्या गाडीची वाट बघत आमी दोघं फाट्यावर बसलो होतो. एक ट्रंक, एक वळकटी. मी इकडचं तिकडचं बोलायलो होतो, पाऊस कधी येतोय, पुतण्या कसा हाय. त्यानं मधेच मला थांबवलं.

"तू मला तीन द्यायला गेलतास," तो म्हणला. "मला तवाच कळलं होतं."

मी वळकटीची दोरी उगाच सोडली अन् पुन्हा बांधली.

"मीच आठ ठिवाय पाहिजे होते. तू पळाला असतास, माझे सत्तावीस झाले असते. पण मी म्हणलं, तीस पाहिजेत." गाडीचा धुरळा दिसायला लागला, तसा तो ट्रंक उचलून उभा राहिला. "सत्तावीस बी लय झाले असते, सूर्यभान. एकोणीसच लागले."